आमच्या निष्ठेवर काढलेलं कर्ज

फुटबॉलमधल्या पराभवाचा राग मला फार काळ पुरत नाही. शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवरून गोल खाल्ला, पेनल्टी खांबावर आदळली, रेफरीने धडधडीत हँडबॉल सोडून दिला, की त्या रात्री मी कुणाशी धड बोलत नाही. दुसऱ्या दिवशीही धुमसते. तिसऱ्या दिवशी मात्र पुढच्या सामन्याचा संघ मनातल्या मनात निवडायला लागलेली असते. लेफ्ट बॅकला बसवावं का, त्या नव्या मुलाला सुरुवातीपासून खेळवावं का, वगैरे. हरणं खेळातच असतं आणि ते पचवायची सवय समर्थकाला लहानपणीच लागते.

माझ्यात वर्षानुवर्षं मुरलेला राग वेगळा आहे. तो मैदानावरच्या अकरा जणांवर नाही. त्यांना तिथे आणून उभं करणाऱ्यांवर आहे. कोणाला विकत घ्यायचं, कोणाला विकायचं, प्रशिक्षक कधी काढायचा, तिकीट कितीने वाढवायचं, असे सगळे निर्णय घेणारी मंडळी सामन्याला कधी दिसली, तर काचेआडच्या खुर्च्यांत दिसतात. कॅमेरा त्यांच्यावर गेला की ती फोनमध्ये बघत असतात.

माझ्या क्लबचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं की प्रतिस्पर्धी मंडळी मूळ मुद्दा सोडून आमच्या ट्रॉफ्या मोजायला बसतील. शिवाय नावाने फारसा फरकही पडणार नाही, कारण पुढचं वर्णन वाचून निदान डझनभर क्लबांचे समर्थक म्हणतील की ही आमचीच गोष्ट आहे.

आमच्याकडे एक प्रशिक्षक आला. त्याला चेंडू गमावल्यावर लगेच अंगावर धावून जाणारा, दमछाक करणारा खेळ हवा होता. म्हणून तरुण, पळणारी पोरं घेतली. ती जरा कुठे एकमेकांना ओळखायला लागली, तोवर चार सामने वाईट गेले आणि प्रशिक्षकाला नारळ मिळाला. नवा आला तो मागे दाटीवाटीने उभं राहून लांब पास मारणारा. त्याला उंच सेंटर फॉरवर्ड हवा. मग जानेवारीच्या खिडकीत, म्हणजे मोसमाच्या मध्यावर खेळाडू घेण्या-विकण्याची मुभा असते त्या महिन्यात, शेवटच्या दिवशी, दुसऱ्या कुणाला नको असलेला, तिशी ओलांडलेला एक उंच माणूस भरमसाट पगारावर आणला. उन्हाळ्यात हा प्रशिक्षकही गेला. तिसरा म्हणाला, मला चेंडू पायाशी खेळवणारे हवेत. आज आमच्या खेळाडूंची यादी वाचताना प्रत्येक नावापुढे मी सांगू शकते, हा कोणाच्या कारकिर्दीतला. संघ कधी बांधलाच गेला नाही, नुसता साचत गेला. आणि हे सगळं होत असताना खेळाडूंची खरेदी-विक्री ठरवणारा स्पोर्टिंग डायरेक्टर तोच, अध्यक्ष तेच, मालक तेच. त्यांना कोणी चार वाईट सामन्यांत काढत नाही.

प्रत्येक हकालपट्टीनंतर निवेदन येतं. ती निवेदनं आता मला पाठ झालीत. 'परस्पर संमतीने' असतं, 'क्लबच्या दीर्घकालीन हिताचा विचार करून' असतं, 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' असतात. आणि शेवटी हटकून एक वाक्य: समर्थकांचा पाठिंबा हीच आमची खरी ताकद आहे.

या वाक्याला पूर्वी मी हसायचे. मग हळूहळू लक्षात आलं की अख्ख्या निवेदनात तेवढंच एक वाक्य अक्षरशः खरं आहे.

कसं, ते सांगते. 2005 साली ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला. सौदा सुमारे 79 कोटी पौंडांचा होता. त्यातला मोठा हिस्सा कर्जाऊ होता, आणि त्या कर्जाचा बोजा मालकांच्या नव्हे, क्लबच्या माथी बसला. तोवर जवळजवळ कर्जमुक्त असलेला क्लब एका व्यवहाराने कर्जबाजारी झाला. घर कोणीतरी विकत घ्यावं आणि त्याचे हप्ते आतल्या भाडेकरूंनी फेडावेत, असा हा मामला. असल्या खरेदीला कर्ज देणारेही काही वेडे नसतात. त्यांना कसली खात्री असते? पुढच्या वर्षी युनायटेड जिंकेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. खात्री असते ती माणसांची: संघ जिंको वा हरो, स्टेडियम भरणार, जर्सी खपणार, प्रक्षेपणाचे पैसे येणार. बापाने पोराला लावलेलं वेड ते पोर सोडणार नाही. समर्थकाची निष्ठा ही क्लबच्या ताळेबंदातली सगळ्यात भरवशाची मालमत्ता असते. त्या दिवशी ती तारण ठेवली गेली. जिची होती तिला कोणी विचारलं नाही.

माझी सगळी चिडचिड शेवटी या एका गोष्टीपाशी येते. क्लबमध्ये खेळाडू जातो, प्रशिक्षक जातो, मालकही चांगला भाव आला की जातो. जाऊ शकत नाही तो फक्त समर्थक. आणि जो जाऊ शकत नाही त्याला उत्तर द्यायची कोणालाच गरज वाटत नाही.

युनायटेडच्या बाबतीत पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. काही समर्थक त्याच वर्षी बाहेर पडले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढून अगदी तळातल्या लीगपासून सुरुवात केली. त्यांच्याविषयी मला कायम आदर आणि थोडी असूया वाटत आलीय. बाकीचे राहिले. 2010 मध्ये त्यांच्यातल्या हजारोंनी हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घातले. युनायटेडचं मूळ नाव न्यूटन हीथ होतं, तेव्हाचे हे रंग. स्टेडियम हिरवं-पिवळं दिसायचं. पण त्या काळात प्रशिक्षक फर्ग्युसनचा संघ जिंकत होता. 2007, 2008, 2009, 2011, 2013, एवढ्या वेळा लीगची ट्रॉफी आली. 2008 ला युरोपातल्या बड्या क्लबांची चॅम्पियन्स लीगसुद्धा. व्याजापोटी क्लबमधून पैसा वाहून जात होता आणि वरून ट्रॉफ्यांची चादर अंथरलेली होती. फर्ग्युसन निवृत्त झाल्यावर चादर निघाली. मग सगळ्यांना दिसलं की मैदानाचं छप्पर गळतंय.

म्हणून मला हल्ली हरण्यापेक्षा जिंकण्याचीच जास्त धास्ती वाटते. म्हणजे बघा, एखाद्या मोसमात आमचा संघ कसाबसा पाचवा-सहावा येतो, नव्या मुलातला एखादा चमकतो, आणि लगेच सगळं माफ. मीही त्यातच. गोल झाल्यावर मी काही स्पोर्टिंग डायरेक्टरच्या चुकांची यादी काढून बसत नाही, उडीच मारते. मालकांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यांना वर्षभर चांगलं काम करावं लागत नाही; वर्षातून दोन-तीन चांगल्या संध्याकाळी पुरतात.

इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणाऱ्या, वेल्समधल्या कार्डिफ सिटीचं उदाहरण तर इतकं नेमकं आहे की ते रचलेलं वाटावं. शंभर वर्षांहून जास्त काळ निळ्या जर्सीत खेळणारा संघ, टोपणनावच 'ब्लूबर्ड्स'. 2012 मध्ये मालक व्हिन्सेंट टॅन यांनी जर्सी लाल केली. त्यांच्या मते लाल रंग शुभ होता आणि आशियाच्या बाजारात चालणारा होता. बोधचिन्हावर लाल ड्रॅगन आला, निळा पक्षी खाली कोपऱ्यात गेला. समर्थक चिडले, मोर्चे निघाले. आणि पहिल्याच लाल मोसमात संघ दुसऱ्या विभागात पहिला येऊन प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या विभागात गेला! आता बोला. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आला, पण नको त्या रंगात. काहींनी आनंदाने उड्या मारल्या, काहींनी जुनी निळी जर्सी घालून मारल्या, काहींनी येणंच सोडलं होतं. पुढच्याच वर्षी संघ पुन्हा खाली घसरला, लोक यायचे कमी झाले, आणि 2015 च्या जानेवारीत मालकांनी निळा रंग परत केला. अजूनही वरच खेळत असते तर परत मिळाला असता का? माझी शंका आहे.

रंग निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणाऱ्या गोष्टी जास्त छळतात, आणि त्यातली मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हिशेबाच्या वहीतली आहे.

समजा क्लबने एक खेळाडू 5 कोटी पौंडांना घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. वहीत 5 कोटी एकदम खर्ची पडत नाहीत, दर वर्षी 1 कोटी पडतात. दोन वर्षांनी वहीत त्याची किंमत 3 कोटी उरते. तेव्हा तो साडेतीन कोटींना विकला, तर वही म्हणते, पन्नास लाखांचा नफा झाला. आता दुसरा मुलगा घ्या. तो आठव्या वर्षी क्लबच्या अ‍ॅकॅडमीत आला, तिथेच वाढला, समर्थकांनी त्याला चेंडू उचलून देणारा पोरगा म्हणूनही पाहिलेलं असतं. त्याला कोणाकडून विकत घेतलेला नाही, म्हणून वहीत त्याची किंमत शून्य. तो 3 कोटींना विकला तर अख्खे 3 कोटी त्या एका वर्षाचा नफा.

प्रीमियर लीगने क्लबांच्या तोट्याला मर्यादा घातली, तीन मोसमांत मिळून साडेदहा कोटी पौंड. ही मर्यादा नुसती कागदावर राहिली नाही. 2023-24 च्या मोसमात एव्हर्टनचे दहा गुण कापले गेले (अपिलात ते सहा झाले), नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार. नियमामागचा हेतू चांगलाच होता, क्लबांनी ऐपतीबाहेर उधळू नये. पण झालं असं, की ज्यांनी उधळलं त्यांना जूनअखेर हिशेब जुळवायची वेळ आली की सगळ्यात सोपा उपाय समोर दिसायचा: घरचा मुलगा विका. न्यूकॅसलने 2024 च्या जूनअखेरीस एलियट अँडरसन हा आपल्याच अ‍ॅकॅडमीतला मुलगा फॉरेस्टला विकला तो याच गणितापायी. प्रशिक्षकाला तो जायला नको होता, समर्थकांना नको होता. पुढे तो इंग्लंडकडून खेळला.

आमच्याकडेही हेच झालं. ज्या मुलाच्या नावाचं गाणं आम्ही तो सतरा वर्षांचा असल्यापासून म्हणत होतो, तो एका उन्हाळ्यात गेला. तो जाऊ नये म्हणून त्याने स्वतः प्रयत्न केल्याचं ऐकलं. त्याच्या पैशांतून त्याच्याच जागी एक खेळाडू आणला, वयाने मोठा, पगाराने दुप्पट, आणि खरं सांगायचं तर खेळात उन्नीस. पण वही खूश. या नव्याची किंमत पाच वर्षांत विभागली जाणार आणि गेलेल्याचा नफा यंदाच जमा झाला. ज्या खेळाडूशी आमचं सगळ्यात घट्ट नातं, तोच वहीत विकायला सगळ्यात फायदेशीर. कुठल्या तरी खवचट माणसाने मुद्दाम समर्थकांना छळायला नियम करायचा ठरवला असता, तरी इतका चपखल सुचला नसता.

यावर बुद्धी लढवणारेही निघतातच. तोटा लपवायचा म्हणून आपलं स्टेडियम मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला विकायचं, हा त्यातला एक प्रकार. डर्बी काउंटीने 2018 मध्ये प्राइड पार्क असंच मालकाच्या कंपनीला 8 कोटी पौंडांच्या आसपास विकलं. कागदावर त्या वर्षी नफा दिसला. 2021 मध्ये देणी भागेनात म्हणून क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला, त्या मोसमात मिळून 21 गुण कापले गेले आणि संघ खालच्या विभागात घसरला. वेन रूनी तेव्हा प्रशिक्षक होता. त्या पोरांनी मैदानावर जीव तोडून कमावलेले गुण एकीकडे आणि कार्यालयाने गमावलेले दुसरीकडे. ते 21 गुण शाबूत असते तर संघ सहज वाचला असता.

माझी एक मैत्रीण फुटबॉल बघत नाही. ती मला दर वेळी एकच प्रश्न विचारते, "एवढा त्रास होतो तर क्लब बदल ना! हजार क्लब आहेत." मी तिला सांगते की तसं करता येत नाही. ती विचारते का, आणि मला धड उत्तर देता येत नाही. मग तीच म्हणते, "म्हणजे तू अशी गिऱ्हाईक आहेस जी माल कितीही वाईट मिळाला तरी दुकान सोडणार नाही. मग त्यांनी माल का सुधारावा?"

तिच्या या बोलण्याने मी दोन दिवस अस्वस्थ होते. कारण युक्तिवादात खोट नाही. फक्त एक गोष्ट तिला माहीत नाही. आपण न सोडलेली गोष्टही नाहीशी होऊ शकते.

बरी हा इंग्लंडमधला 1885 चा क्लब. 1900 आणि 1903 असा दोनदा एफए कप, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात जुनी बाद फेरीची स्पर्धा जिंकलेला. त्यातला 1903 चा अंतिम सामना सहा-शून्य. हा क्लब 2018 च्या डिसेंबरात एका पौंडाला विकला गेला. घेणाऱ्याने पुढे मुलाखतींत सांगितलं की बरी नावाचा फुटबॉल क्लब आहे हेच आपल्याला आधी ठाऊक नव्हतं. खेळाडूंचे पगार थकले होते, आणि तरीही त्या पोरांनी 2019 च्या वसंतात वरच्या विभागात बढती मिळवली. ऑगस्टमध्ये लीगने क्लबकडे पैशांची हमी मागितली, ती काही येईना. मुदतीच्या शेवटच्या दिवशी नवा खरेदीदार येणार अशी बातमी होती. म्हणून समर्थक झाडू, फडकी घेऊन गिग लेन या बरीच्या मैदानावर जमले आणि त्यांनी खुर्च्या पुसल्या, गवत काढलं, कारण शनिवारी सामना झालाच तर मैदान तयार हवं. त्याच दुपारी सौदा फिसकटला आणि रात्री लीगने बरीला बाहेर काढलं. ज्यांनी पैसे बुडवले त्यांच्यातलं त्या दिवशी झाडू घेऊन कोणी आलेलं नव्हतं. पुढे काही वर्षांनी समर्थकांनी मैदान परत मिळवलं, संघ पुन्हा उभा राहिला, पण पार तळाच्या पायऱ्यांवरून.

लंडनमधल्या विम्बल्डनच्या लोकांचा फुटबॉल क्लब तर मेलाही नाही, उचलून नेला. 2002 मध्ये तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली आणि क्लब सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला गेला. मागे राहिलेल्यांनी त्याच उन्हाळ्यात एएफसी विम्बल्डन काढला. खेळाडू निवडायला सार्वजनिक मैदानावर चाचणी ठेवली. कोणीही यावं आणि खेळून दाखवावं. नऊ वर्षांत ते फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या तीन विभागांत पोहोचले आणि 2020 मध्ये प्लाउ लेनवर, आपल्या जुन्या मैदानाच्या जवळच, स्वतःच्या नव्या स्टेडियममध्ये परतले. तेव्हा नेमकी महामारी होती. पहिला सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला.

या गोष्टी मी मैत्रिणीला सांगितल्या. ती म्हणाली, "मग भांडा की!"

भांडतातच लोक. कधी कधी जिंकतातही. 2016 च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलने मुख्य स्टँडची सगळ्यात महाग तिकिटं 77 पौंडांवर न्यायचं जाहीर केलं, तर सुमारे दहा हजार माणसं सामना चालू असताना सत्त्याहत्तराव्या मिनिटाला उठून निघून गेली. लिव्हरपूल तेव्हा संडरलँडविरुद्ध दोन-शून्य पुढे होता. लोक गेले आणि संडरलँडने दोन गोल करून बरोबरी साधली. हे मला फार आवडतं, म्हणजे गोल नव्हे, किंमत मोजणं. आपल्या संघाचा सामना अर्धवट सोडून उठणं किती जड जातं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. 2021 च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी सुपर लीग, म्हणजे आपली वेगळी स्पर्धा जाहीर केली, तेव्हा चेल्सीच्या समर्थकांनी आपल्याच संघाची बस अडवली आणि क्लबचा माजी गोलकीपर आणि तेव्हाचा पदाधिकारी पेत्र चेक रस्त्यावर येऊन त्यांना विनवत होता की आम्हाला वेळ द्या. दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब बाहेर पडले. जर्मनीत 2023-24 च्या हिवाळ्यात लीगच्या प्रक्षेपणहक्कांतला वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकायचं घाटत होतं. समर्थकांनी आठवड्यामागून आठवडे मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले, चॉकलेटची नाणी फेकली, रिमोटवरच्या छोट्या गाड्या सोडल्या. सामने थांबत, खेळाडू चेंडू वेचत. फेब्रुवारीत लीगने सौदाच गुंडाळला.

जर्मनीत हे जमतं याला कारण आहे. तिथे 1998 मध्ये क्लबांना कंपनी व्हायची मुभा मिळाली, पण पन्नास अधिक एकच्या नियमासकट, म्हणजे मतांचं बहुमत क्लबच्या सभासदांकडेच राहायला हवं. काही अपवाद आहेत, पळवाटाही आहेत. तरी सर्वसाधारण सभेत उभं राहून अध्यक्षाला "हा खेळाडू का घेतला?" असं विचारता येतं, ही कल्पनाच मला स्वप्नवत वाटते.

मात्र सभासदांच्या हाती क्लब दिला की सगळं सुरळीत होतं, असं कोणी म्हणालं तर मी बार्सिलोनाकडे बोट दाखवेन. क्लब सभासदांचा, अध्यक्ष निवडून येतो. त्याच निवडून आलेल्या कारभाराने उधळपट्टी अशी केली की 2021 च्या ऑगस्टमध्ये सव्वाशे कोटींहून जास्त युरोंचं देणं जाहीर झालं आणि मेसी, ज्याला जायचं नव्हतं आणि ज्याला कोणी घालवत नव्हतं, तो रडत गेला. जर्मनीतला शाल्केही सभासदांचाच. तिथे कारभार इतका बिघडला की संघाला लीगमध्ये तीस सामने एकही विजय मिळाला नाही, आणि 2021 मध्ये तो दुसऱ्या विभागात घसरला. मत असलेला समर्थकही शेवटी समर्थकच असतो. निवडणुकीत कोणी म्हणालं की अमुक स्टार आणतो, की आपण हुरळतो. मीही हुरळेन. फरक असलाच तर एवढाच की पुढच्या निवडणुकीत त्याला घालवता येतं. हा फरक मला पुरेसा वाटतो. एका पौंडाला क्लब घेणाऱ्याला असं घालवता येत नाही.

इंग्लंडमध्ये समर्थकांच्या पुढाकाराने 2021 मध्ये पाहणी झाली, अहवाल आला, आणि 2025 मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा होऊन स्वतंत्र नियामक आला. मालक होऊ पाहणाऱ्याची पात्रता तो तपासेल, मैदान विकण्यावर आणि रंग-बोधचिन्ह बदलण्यावर त्याचा लगाम असेल. चांगलं आहे. बरीच्या लोकांना सहा वर्षं उशिरा मिळालं, पण चांगलं आहे. तरी कुठलाही नियामक आमच्या स्पोर्टिंग डायरेक्टरला शहाणपण देऊ शकणार नाही. वाईट माणसांपासून कायदा वाचवतो. आमचे लोक वाईट नाहीत, धांदरट आहेत, आणि धांदरटपणावर कोणत्याही कायद्यात कलम नाही.

मग मला नेमकं हवंय काय? ट्रॉफी नको असं म्हणणं ढोंग होईल. पण त्याआधी मला कोणीतरी सरळ बोललेलं हवंय. तो मुलगा विकला तेव्हा क्लबने लिहिलं की त्याला नवी आव्हानं खुणावत होती. त्याऐवजी लिहायचं होतं, आम्ही गेल्या तीन वर्षांत खेळाडूंवर नको तेवढा खर्च केला, आता खड्डा भरायला दुसरं काही नाही, म्हणून याला विकतोय. मी संतापले असते. कदाचित महिनाभर संतापले असते. पण पुढच्या निवेदनावर विश्वास ठेवला असता. आता क्लब म्हणतो 'दुखापत किरकोळ आहे' तरी मला वाटतं, पोरगा मोसमाला मुकला.

पोर्ट्समथची गोष्ट मी हल्ली पुन्हा पुन्हा वाचते. 2008 ला एफए कप जिंकलेला क्लब, दोनच वर्षांत प्रशासकाच्या ताब्यात गेला, मग घसरत घसरत चौथ्या विभागात. 2013 मध्ये समर्थकांच्या ट्रस्टने पैसे गोळा करून तो वाचवला. साध्या माणसांनी हजार-हजार पौंड घालून हिस्से घेतले. कर्जं फेडली, 2017 मध्ये वरच्या विभागात बढती मिळाली. आणि त्याच वर्षी एका श्रीमंत अमेरिकन खरेदीदाराने क्लब मागितला. समर्थक-भागधारकांचं मतदान झालं. ज्यांनी क्लब मरणाच्या दारातून ओढून आणला होता त्यांनीच मोठ्या बहुमताने तो विकायला होकार दिला. स्टेडियम दुरुस्तीला आलेलं, वर टिकायला पैसा लागतो, आणि तो आपल्याकडे नाही, हे त्यांना कळत होतं. निर्णय वाईट ठरला असंही नाही. 2024 मध्ये संघ तिसऱ्या विभागात पहिला येऊन वर गेला.

मी मैत्रिणीला विचारलं, तू काय केलं असतंस? ती म्हणाली, विकला असता, हिशेब सरळ आहे. मी विरोधात मत दिलं असतं. हिशेब तिचाच बरोबर आहे हे माहीत असूनही. आणि मोजणी झाल्यावर, हरल्यावर, पुढच्या शनिवारचा संघ कोणता खेळवावा यावर त्या नव्या मालकाला लांबलचक पत्र लिहिलं असतं.